अठ्ठावन्न टक्क्यांची रेघ: २०२२चं निर्यातशुल्क आणि डिचोलीचं लोहखनिज

शनिवार, २१ मे २०२२. संध्याकाळपासून टीव्हीवर एकच बातमी फिरत होती: पेट्रोलवरचं केंद्रीय अबकारी शुल्क लिटरमागे ८ रुपयांनी आणि डिझेलवरचं ६ रुपयांनी उतरलं. आमच्या वाड्यावरचे एक काका टिप्परचे मालक. डिझेल उतरलं म्हणून ते खूश असतील असं मला वाटलं होतं. रात्री त्यांचा फोन आला तो मात्र वेगळ्याच कारणाने. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर त्यांनी मला वाचून दाखवला आणि विचारलं, "अरे, मालावर पन्नास टक्के लावले म्हणतात. आपल्या मालावर पण? आपला तर शून्य होता ना?"

"आपला माल" म्हणजे लोहखनिज. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे या तालुक्यांत "माल" हा शब्द उच्चारला की दुसरा अर्थ कुणाच्या मनात येत नाही. आणि हो, आपल्या मालावरही लागले होते. ५८ टक्क्यांहून कमी लोह असलेल्या खनिजावर २०१६ पासून निर्यातशुल्क नव्हतं. २२ मे २०२२ पासून ते थेट ५० टक्के झालं. त्याहून वरच्या प्रतीवर आधीच ३० टक्के होतं, तेही ५० वर गेलं. खनिजाच्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेट्सवर, ४५ टक्के आणि पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के लागले. सहा महिन्यांनी, १९ नोव्हेंबरला, आपला माल पुन्हा शून्यावर आला.

या सहा महिन्यांचं प्रकरण मी इथे मांडतो आहे. गोव्यातल्या खाणींवर आपण बोलतो तेव्हा न्यायालय, पर्यावरण आणि खाणमालक या तिघांभोवतीच फिरतो. ते योग्यच आहे, कारण नुकसान तिथेच झालं. पण चौथा एक घटक आहे आणि तो गोव्यात राहत नाही: दिल्लीत ठरणारं शुल्काचं कोष्टक. त्यातल्या एका ओळीने आपल्या पाच तालुक्यांचं नशीब दोनदा उलटंपालटं केलं, आणि त्या ओळीबाबत आपण दिल्लीकडे नेमकं काय मागितलं हे तपासायला हवं. माझं मत आधीच सांगतो: आपण चुकीची गोष्ट मागत राहिलो.

माल कसला आणि गिऱ्हाईक कोण

गोव्याचं खनिज बव्हंशी भुकटीच्या रूपात येतं. त्याला फाईन्स म्हणतात. त्यातलं लोह साधारण पन्नाशीच्या मध्यापासून अठ्ठावन्नच्या आसपास. ॲल्युमिना हा नकोसा घटक जास्त, ओल जास्त. जागतिक बाजारात भाव सांगितला जातो तो ६२ टक्के लोहाच्या मालाचा. त्याखालच्या मालाला त्या भावातून सूट द्यावी लागते, आणि ही सूट स्थिर नसते. पोलाद कारखान्यांचा नफा बारीक झाला की ते स्वस्त, हलका माल मिसळून खर्च भागवतात. कोकिंग कोळसा महागला की हलका माल नको होतो, कारण त्यात मळी जास्त आणि ती वितळवायला कोळसा जास्त जळतो. सर्वसाधारणपणे गोव्याच्या मालाला तेजीत बोलावणं शेवटी येतं आणि मंदीत निरोप सगळ्यांत आधी मिळतो.

देशी कारखाने हा माल का घेत नाहीत, हा प्रश्न बाहेरचा माणूस हमखास विचारतो. थोडाफार घेतला जातो. आमोणे-नावेलीला कच्चं लोखंड करणाऱ्या भट्ट्या आहेत. पण बल्लारीकडच्या मोठ्या कारखान्यांच्या दाराशीच होस्पेट-संडूरचं अधिक चांगलं खनिज आहे. त्यांना आपला माल द्यायचा तर तो घाटावर चढवायचा. आपली सगळी व्यवस्था उलट दिशेने बांधलेली: खाणीतून टिप्पर, टिप्परमधून नदीकाठची जेटी, जेटीवरून बार्ज, मांडवी किंवा झुवारीतून मुरगाव बंदर, तिथून मोठं जहाज. पावसाळ्यात आग्वादची दांडी, म्हणजे मांडवीच्या तोंडावरची वाळूची पट्टी, बंद झाली की मांडवीतल्या बार्जेस कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरायच्या. एवढी घोटून बसवलेली वाट समुद्राकडेच जाते.

गिऱ्हाईकही परदेशातलंच, आणि बहुतेक काळ एकच. युद्धानंतर उभं राहणारं जपानचं पोलाद हे गोव्याच्या खाणींचं पहिलं मोठं गिऱ्हाईक. खाणींचे परवाने पोर्तुगीज सरकारचे होते, १९०६च्या खाण हुकुमाखाली दिलेले. पन्नाशीच्या दशकात भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा बंदरातून जाणाऱ्या या मालानेच पोर्तुगीज राजवटीला परकीय चलनाचा श्वास पुरवला. मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर स्वतः खाणमालक होते. म्हणजे गोव्याच्या राजकारणात खाण पहिल्या दिवसापासून घरातच होती, आणि तिचा बाजार पहिल्या दिवसापासून समुद्रापलीकडे.

मग चीन आला. डिसेंबर २००१ मध्ये तो जागतिक व्यापार संघटनेत शिरला, २००३ मध्ये जपानला मागे टाकून लोहखनिजाचा सर्वांत मोठा आयातदार झाला, आणि २००० साली वर्षाला सुमारे १३ कोटी टन असलेलं त्याचं पोलाद २०१० पर्यंत ६० कोटी टनांच्या पुढे गेलं. पूर्वी "रिजेक्शन" म्हणून खाणीबाहेर टाकलेले डंपसुद्धा विकले जाऊ लागले. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक माल बाहेर गेला, त्यात शेजारच्या राज्यांतून आलेलाही होता. उसगाव-तिस्क, सावर्डे-कुडचडेच्या रस्त्यांवर टिप्परांची रांग सकाळी लागायची ती दिवस मावळेपर्यंत हलायची नाही. शिरगावच्या विहिरी आटल्या. शेतांवर लाल गाळ बसला. बँका टिप्परला कर्ज हातात घेऊन फिरत होत्या. काकांनी तेव्हाच दुसरा टिप्पर घेतला.

रेघ कशी सरकत गेली

लोहखनिजावरच्या निर्यातशुल्काचा आधुनिक इतिहास २००७च्या अर्थसंकल्पापासून सुरू होतो. टनाला सरसकट ३०० रुपये. गोव्यात ओरड झाली, आणि दोन-अडीच महिन्यांत ६२ टक्के आणि त्याखालच्या फाईन्सवर ते टनाला ५० रुपयांपर्यंत उतरलं. प्रतीनुसार रेघ ओढण्याची सुरुवात इथे झाली, आणि ती पहिली रेघ ६२वर होती. जून २००८ मध्ये भाव भडकले म्हणून किमतीच्या १५ टक्के लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस जागतिक मंदीत ते विरघळलं. पुढे पुन्हा ५ टक्के. २०११च्या अर्थसंकल्पात फाईन्स असो वा लम्प्स, म्हणजे खनिजाचे खडे, सरसकट २० टक्के. आणि २०११ संपता संपता, ३० डिसेंबरला, ३० टक्के.

ही वरखाली वाचताना एक गोष्ट ठळक दिसते. शुल्क वाढलं ते दर वेळी देशातल्या पोलादवाल्यांना खनिज महाग वाटलं तेव्हा, आणि, २००७चा अपवाद सोडला तर, उतरलं ते बाहेरचा बाजार पडला तेव्हा. गोव्याच्या विहिरी किंवा शेतं या हिशेबात कधीच नव्हती. निर्यातशुल्क हे पर्यावरणाचं हत्यार नव्हतं. ते पोलादाचं होतं. देशातलं खनिज देशात अडवलं की त्याचा देशातला भाव पडतो, आणि तो फायदा कारखान्याला मिळतो. एका उद्योगाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात पैसा सरकवण्याचा तो सरळ मार्ग आहे. मधल्या मधे केंद्राला महसूलही मिळतो.

आणि हा मार्ग आंतरराष्ट्रीय नियमांतही बसतो. गॅट या जागतिक व्यापार कराराचं ११वं कलम निर्यातीवर बंदी किंवा कोटा घालायला मनाई करतं, पण त्यातच शुल्क, कर यांना मोकळीक आहे. चीनने संघटनेत शिरताना निर्यातशुल्कावर वेगळी बंधनं मान्य केली होती, म्हणून कच्च्या मालाच्या खटल्यात तो हरला. भारतावर तसं बंधन नाही. म्हणून दिल्लीत बंदीऐवजी शुल्काची टक्केवारी फिरवली जाते. एका रात्रीत वाढवता येते, एका रात्रीत काढता येते, आणि जगात कुणी दाद मागू शकत नाही. राज्याला विचारावं असंही कुठे लिहिलेलं नाही.

३० टक्के लागून नऊ महिने होतात न होतात तोच खाणीच बंद झाल्या. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्या. एम. बी. शहा आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ला संसदेत आला. त्यातला सुमारे ३५ हजार कोटी रुपयांच्या नुकसानीचा अंदाज पुढे वादग्रस्त ठरला, पण बेकायदा खोदकामाचं चित्र खोटं नव्हतं. १० सप्टेंबरला मनोहर पर्रीकर सरकारने खाणकाम थांबवलं, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने. २१ एप्रिल २०१४च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की लीजांची, म्हणजे खाणपट्ट्यांची, मुदत २२ नोव्हेंबर २००७लाच संपली होती. वर्षाला दोन कोटी टनांची कमाल मर्यादा घातली आणि विक्रीच्या उत्पन्नातले १० टक्के पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत टाकायला लावले. या शेवटच्या मुद्द्याकडे मी परत येणार आहे.

नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१५ या काळात राज्य सरकारने ८८ लीजांचं नूतनीकरण उरकलं. १२ जानेवारी २०१५ला लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा अध्यादेश आला, त्याच्या अगदी तोंडावर. लीज तर मिळाली. पण भाव कुठे होता? २०११च्या सुरुवातीला १९० डॉलरच्या आसपास गेलेला टनाचा भाव २०१५च्या डिसेंबरात ४०च्या खाली घसरला. ३० टक्के भरून हा माल विकणं शक्यच नव्हतं. गोव्याच्या पणजीतल्या आणि दिल्लीतल्या प्रतिनिधींनी तेव्हा जोर लावला आणि आपली रेघ मिळवली: जून २०१५ पासून ५८ टक्क्यांखालच्या फाईन्सवर १० टक्के, आणि २०१६च्या अर्थसंकल्पात ५८ टक्क्यांखालच्या लम्प्स व फाईन्सवर शून्य.

गोव्यात हा विजय म्हणून साजरा झाला. खोटा नव्हता तो. देशात इतर राज्यांतही हलका माल आहे, पण ५८ची रेघ ओढताना डोळ्यासमोर प्रामुख्याने गोवा होता, हे व्यापारातलं कुणीही सांगेल. आपण एवढ्याशा राज्याने दिल्लीच्या कोष्टकात आपल्यासाठी एक ओळ लिहून घेतली. अडचण एवढीच होती की ती ओळ अधिसूचनेतली होती, आणि अधिसूचनेची ओळ दुसऱ्या अधिसूचनेने पुसता येते.

पाणी धरायचं की नाही

थोडं थांबून त्या ५८च्या आकड्याकडेच पाहू, कारण असा आकडा कागदावर दिसतो तितका सोपा नसतो.

समजा शंभर किलो ओला माल आहे, त्यात आठ किलो पाणी. उरलेल्या ९२ किलो कोरड्या मालात ६२ टक्के लोह आहे. म्हणजे लोह ५७ किलो. कोरड्या वजनावर मोजलं तर हा माल ६२ टक्क्यांचा, ओल्या वजनावर मोजलं तर ५७चा. एकच ढीग, पण एका मोजणीने रेघेच्या वर आणि दुसरीने खाली. निर्यातशुल्कासाठी लोहाचं प्रमाण कोणत्या वजनावर धरायचं हा वाद नव्वदीच्या दशकातच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि न्यायालयाने ओल्या वजनाचा आधार मान्य केला. म्हणजे पाण्यासकट.

शून्य आणि ३० टक्के यांच्यामध्ये एकच टक्क्याची भिंत असली की माल मिसळून, निवडून तिच्या खाली ठेवण्याचा मोह होणारच. चांगलं खनिज हलक्यात मिसळून स्वस्तात बाहेर पाठवणं म्हणजे आपलीच संपत्ती पातळ करून विकणं. रेघ आपल्या फायद्याची होती, पण तिने आपल्याला चांगला माल चांगला म्हणून विकण्यापासूनही परावृत्त केलं. याचा विचार आपल्याकडे झाला नाही.

ते सहा महिने

मे २०२२ मध्ये गोव्यात खाणी चालू नव्हत्याच. ७ फेब्रुवारी २०१८च्या निकालाने त्या ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द झालं होतं आणि १५ मार्च २०१८ नंतर खोदकाम थांबलं होतं. बाहेर जात होता तो पडून असलेला साठा, मुख्यतः सरकारने ई-लिलावात विकलेला. त्याच मे महिन्याच्या सुरुवातीला राज्य सरकारने जुन्या लीजधारकांना ६ जूनपर्यंत जागा सोडण्याचा आदेश दिला होता. मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांचं सरकार मार्चमध्येच दुसऱ्यांदा आलं होतं. लिलाव करू, खाणी सुरू करू, हे त्याचं मोठं आश्वासन.

दिल्लीचा हिशेब वेगळा होता. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध पेटलं होतं. एप्रिलची किरकोळ महागाई ७.७९ टक्के, घाऊक १५ टक्क्यांच्या वर. पोलाद महाग, म्हणजे घरं, पूल, गाड्या सगळं महाग. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी एका फटक्यात इंधनावरचा कर उतरवला, कोकिंग कोळसा आणि कोक यांच्यावरचं आयातशुल्क काढलं, आणि खनिज व पोलादाच्या निर्यातीवर शुल्क चढवलं. देशाच्या दृष्टीने बघितलं तर यात सुसंगती आहे, हे मी मान्य करतो. महागाईने पोळलेल्या शहरातल्या माणसाला दिलासा देणं हे सरकारचं कामच आहे. देशातल्या खनिजाचे भाव लगेच उतरलेही. एनएमडीसी या सरकारी खाण कंपनीने आपल्या किमती कापल्या.

पण हलक्या मालाचं काय? जो माल देशातल्या कारखान्याला नकोच आहे, त्याची निर्यात अडवून देशात पोलाद स्वस्त होत नाही. तो जेटीवर पडून राहतो. इथे ५० टक्के लावण्यामागे मला धोरणाचं कारण सापडत नाही. रेघ ठेवली तर तिच्याखालून चांगला माल निसटेल ही भीती असू शकते, आणि वर मांडलेलं पाण्याचं गणित पाहता ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तरीही सरसकट घाव घालणं सोपं होतं म्हणून घातला गेला असंच मला वाटतं.

परिणाम समजण्यासाठी एक कल्पित हिशेब घेऊ. समजा जहाजावर चढवलेल्या मालाला टनाला ४,००० रुपये मिळतात. ५० टक्के म्हणजे २,००० गेले. उरलेल्या २,०००मध्ये बंदराचा खर्च, बार्जचं भाडं, टिप्परचं भाडं, जेटीवरची चढउतार, आणि लिलावात माल घेताना सरकारला मोजलेली किंमत. ज्याने शून्य शुल्क गृहीत धरून बोली लावली होती त्याचा सगळा हिशेब एका शनिवारी रात्री मोडला. असा माणूस पहिल्यांदा काय करतो? तो माल उचलत नाही. आणि माल उचलला गेला नाही की टिप्पर थांबतो.

काकांचा टिप्पर थांबला. २०१२ नंतर हप्ते थकले तेव्हा त्यांनी एक विकला होता, दुसरा घर दुरुस्तीची रेती-चिरे वाहायला ठेवला होता. साठ्याच्या वाहतुकीची थोडी कामं मिळायची तेवढाच आधार. जून लागला, पाऊस लागला, पावसात तसंही काम नसतं. खरी झळ ऑक्टोबरात कळली. दसऱ्यानंतर पूर्वी रस्त्यावर लाल पाण्याचे ओघळ दिसायचे. त्या वर्षी रस्ते स्वच्छ होते. स्वच्छ रस्ता पाहून सोनशीसारख्या गावातल्या बाईला बरं वाटणार, आणि ते तिचं वाटणं शंभर टक्के खरं. २०१७ मध्ये धुळीविरुद्ध वाहतूक अडवली म्हणून त्या गावचे ४५ जण तुरुंगात गेले होते. हप्ता थकलेल्या माणसाचं वाटणंही खरं. दोघं एकाच तालुक्यात राहतात, आणि त्या दोघांपैकी कुणालाही दिल्लीने विचारलेलं नव्हतं.

नोव्हेंबरपर्यंत पोलादाची निर्यात आपटली, भाव उतरले, आणि पोलादवालेच १५ टक्के काढा म्हणू लागले. १८ नोव्हेंबरला अधिसूचना निघाली. पोलाद शून्य, पेलेट्स शून्य, खनिज पूर्ववत: ५८च्या खाली शून्य, वर ३० टक्के. आपली सुटका झाली ती पोलादाच्या सुटकेबरोबर. गोव्याच्या निवेदनांनी दरवाजा उघडला असं म्हणायला मला आधार दिसत नाही.

पुढच्याच महिन्यात गोव्यात पहिल्या चार खाण गटांचा लिलाव पार पडला. डिचोलीचा पहिला गट वेदांताने घेतला, सरासरी विक्रीमूल्याच्या ६३.५५ टक्के प्रीमियम सरकारला देण्याच्या बोलीवर. त्यावर १५ टक्के रॉयल्टी. म्हणजे खाणीच्या तोंडावरच्या सरकारी सरासरी किमतीतल्या शंभरपैकी सुमारे ७९ रुपये खोदण्याआधीच ठरले. इतर गटांत बोली याहून चढ्या लागल्या. बाजारभाव त्या सरासरीच्या बराच वर राहिला आणि शुल्क शून्य राहिलं तरच हे गणित सुटतं. नोव्हेंबरमध्ये शुल्क उतरलं नसतं तर या बोल्या लागल्या असत्या का, हा प्रश्न विचारून पाहावा. एप्रिल २०२४ मध्ये डिचोलीत खोदकाम पुन्हा सुरू झालं ते या पायावर.

शंभर रुपयांतले सोळा पैसे

आता मागणीचा मुद्दा. निर्यातशुल्काचा पैसा केंद्राच्या तिजोरीत जातो. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) सूत्राप्रमाणे विभाज्य करांतले ४१ टक्के राज्यांना मिळायचे, आणि त्यात गोव्याचा वाटा ०.३८६ टक्के होता. त्या हिशेबाने गोव्याच्या मालावर शंभर रुपये शुल्क जमा झालं तर गोव्याला परत मिळणार जेमतेम १६ पैसे. खड्डा इथे, आटलेली विहीर इथे, गाळाने भरलेलं शेत इथे. रॉयल्टी मात्र पूर्ण राज्याची. पण ती खाणीच्या तोंडावरच्या सरासरी विक्रीमूल्यावर मोजली जाते, आणि निर्यातशुल्क नेमका तोच भाव पाडतं. म्हणजे शुल्क लागलं की आपला वाटा दोन्हीकडून घटतो.

गोव्याच्या सरकारांनी, मग ती कुठल्याही पक्षाची असोत, निर्यातदारांच्या संघटनांनी आणि खाण अवलंबितांच्या मोर्चांनी वर्षानुवर्षं एकच सूर धरला: शुल्क काढा. शून्य करा. शून्य मागितलं की खाणमालकाचा नफा वाढतो, थोडा टिप्परवाल्यापर्यंत झिरपतो, आणि ते शून्य टिकेल याची हमी मात्र कुणाच्याच हातात नसते. हिश्शाची मागणी कधी मुख्य मागणी झाली नाही.

आणि हिश्शाला आपल्या देशात दाखला आहे. तागाचा. बंगालमध्ये पिकणाऱ्या तागावर ब्रिटिश सरकार निर्यातशुल्क घ्यायचं. १९३५च्या कायद्याने त्यातला किमान अर्धा भाग ताग पिकवणाऱ्या प्रांतांना द्यायचं ठरलं, आणि प्रत्यक्षात तो ६२.५ टक्क्यांपर्यंत गेला. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेतही हा धागा आला. अनुच्छेद २७३ने आसाम, बिहार, ओडिशा आणि पश्चिम बंगाल यांना तागावरच्या निर्यातशुल्काच्या बदल्यात अनुदान देण्याची तरतूद केली, जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. घटनाकारांना हे कळत होतं की ज्या मातीतून माल जातो तिचा त्या शुल्कावर इतरांहून जास्त हक्क असतो. ती मुदत १९६०च्या जानेवारीत सरली. गोवा भारतात आला तो १९ डिसेंबर १९६१ला.

म्हणून मला वाटतं की पणजीतून दिल्लीला जाणाऱ्या पुढच्या निवेदनात शून्याची याचना नको. तीन गोष्टी असाव्यात. शुल्क लावायचं तर लावा, पण बदलाची आगाऊ सूचना द्या आणि लिलावात आधी विकल्या गेलेल्या मालाला जुना दर ठेवा. रेघेची भिंत काढून टाका. प्रतीनुसार हळूहळू चढणारा दर ठेवा, म्हणजे पाणी आणि मिसळ यांचा खेळ निरर्थक होईल. आणि गोव्याच्या खनिजावर जमा झालेल्या शुल्कातला ठरावीक भाग त्याच कायमस्वरूपी निधीत टाका जो सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये उभा करायला लावला. निधी आहे, न्यायालयाचा आदेश आहे, तागाचा दाखला आहे. तिसरी मागणी घटनेत किंवा वित्त आयोगाकडे रेटावी लागेल, ती लगेच मान्य होणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण ती मागण्यासाठी आधी आपल्याला हे मान्य करावं लागेल की खनिज खाणमालकाचं नाही, राज्यातल्या सगळ्यांचं आहे. मोर्चाला हे म्हणणं जड जातं, कारण मोर्चात पुढे टिप्परवाला असला तरी त्याच्या गाडीला काम देणारा कुणी दुसराच असतो.

वेळही फार नाही. गिनीतल्या सिमांडूच्या डोंगरातून ६५ टक्क्यांच्या आसपास लोहाचा माल २०२५च्या अखेरीस निघू लागला आहे, आणि त्याच्या मागे चिनी भांडवल आहे. युरोपने आयात पोलादावर कार्बनचा हिशेब लावायला सुरुवात केली आहे; हलक्या मालाला कोळसा जास्त लागतो, म्हणून तो हिशेबही आपल्याविरुद्ध जातो. देशातले पोलादवाले हलक्या मालावरही शुल्क हवं, असं अधूनमधून सुचवतच असतात. २०३०-३१ पर्यंत देशाची पोलाद क्षमता ३० कोटी टनांवर न्यायचं २०१७च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाचं लक्ष्य आहे, आणि ते गाठायला खनिज देशातच हवं हा त्यांचा युक्तिवाद दिल्लीत ऐकला जातो. आपले लोकसभेत दोन खासदार, राज्यसभेत एक.

काकांनी गेल्या वर्षी तो टिप्परही विकला. "हप्ता फिटला, तेवढं पुरे," म्हणाले. पण १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प चालू झाला की ते अजून टीव्हीपुढे बसतात, आणि भाषण संपलं की माझ्याकडे फोन येतो: "काय रे, आपल्या अठ्ठावन्नचं काही बोलले?"